फूटपाथवर झोपण्याला दंड: एका महापालिकेच्या मसुद्यावर घेतलेल्या हरकतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या महापालिकेतलं आहे. शहराचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. लोकसंख्या साधारण पाच लाख. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, शासकीय रुग्णालय आणि मार्केट यार्ड ही चार ठिकाणं एकमेकांपासून पायी अंतरावर, आणि रात्री उघड्यावर झोपणारी बहुतेक माणसं या चार ठिकाणांच्या आसपासच सापडतात.

ही माणसं कोण, हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच फिरला. लग्नाच्या हंगामात केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाणारे तरुण, यार्डातले हमाल, सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, कचरा वेचणाऱ्या बायका, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे आणि मानसिक आजारात भरकटत इथवर आलेले काही जण. शिवाय रुग्णालयाच्या भिंतीलगत रोज रात्री चादर अंथरणारे पेशंटचे नातेवाईक. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर मोजले गेले. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती, त्यामुळे जे त्या रात्री कामावर होते किंवा पोलिसांच्या भीतीने आडोशाला होते, ते आकड्यात आलेच नाहीत.

राज्यातल्या बऱ्याच महापालिकांप्रमाणे या महापालिकेची मुदतही २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारी आणि मंजूर करणारी खुर्ची एकच. एरवी असा विषय महासभेत गेला असता, चार नगरसेवकांनी आरडाओरडा केला असता, पेपरात बातमी आली असती. इथे ते काहीच होणार नव्हतं.

मसुद्यात काय होतं

२०२४च्या पावसाळ्यानंतर महापालिकेने स्वच्छताविषयक उपविधींमध्ये, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या नियमांमध्ये, दुरुस्तीचा मसुदा काढला आणि वर्तमानपत्रात जाहीर प्रकटन देऊन हरकती व सूचना मागवल्या. स्वच्छ सर्वेक्षणाची, म्हणजे शहरांना स्वच्छतेचे गुण देणारी केंद्र सरकारची, पाहणी तोंडावर होती. स्टेशन रोडच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी साठलेल्या होत्या. त्यातच एका दुकानासमोर दारूच्या नशेत मारामारी झाली आणि तिचा व्हिडिओ शहरभर फिरला.

मसुद्यात उघड्यावर लघवी करण्याचा दंड २०० रुपयांवरून १,००० रुपये केला होता. 'सार्वजनिक जागेचा निवासी वापर' असं एक नवं कलम होतं. त्यात झोपणं, मुक्काम करणं, चूल पेटवणं, अंघोळ करणं आणि कपडे वाळत घालणं या सगळ्याला सरसकट १,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास २,५०० रुपये दंड होता. तिसऱ्यांदा सापडलेल्या माणसाला 'योग्य कार्यवाहीसाठी' पोलिसांच्या ताब्यात द्यायचं होतं, भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या उल्लेखासह. वसुलीचं काम ठेक्यावरच्या पथकाकडे जाणार होतं आणि वसुलीत ठेकेदाराला वाटा होता.

खरी अडचण कुठे होती

दंड जड आहे, गरीब माणसाला परवडणार नाही, ही पहिली प्रतिक्रिया सगळ्यांचीच होती. ती बरोबर असली तरी पुरेशी नव्हती. 'परवडू नये म्हणूनच तर दंड असतो' असं उत्तर त्यावर तयार होतं, आणि ते आम्हाला, म्हणजे हरकत घेणाऱ्या गटाला, मिळालंही.

आमच्या गटातल्या वकीलताईंनी दंडाचा पुढचा प्रवास मांडून दाखवला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. जागेवर पैसे भरले तर विषय मिटतो. नाही भरले तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं. समन्स काढायचं तर ते कोणत्या पत्त्यावर बजावायचं? माणूस तारखेला हजर राहिला नाही की वॉरंट. हजर राहिला आणि दंड भरता आला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे तिथेही ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडापोटी दोन महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. म्हणजे कागदावर दंड असला, तरी ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी ती झोपल्याबद्दलची कैदच ठरते. आणि दोन महिने आत राहून आलेल्या वाढप्याला त्याचा मुकादम परत टोळीत घेत नाही. जो माणूस दोनचार महिन्यांत भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट साठवण्याच्या बेतात होता, तो पुन्हा त्याच फूटपाथवर येतो, आता कामाशिवाय.

तिसऱ्या वेळेचं कलम त्याहून गंभीर होतं. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. भीक मागण्याची त्यातली व्याख्या इतकी सैल आहे की उपजीविकेचं दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी नुसतं थांबलेलं असणंही तीत बसतं. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि पहिल्याच वेळी किमान एक ते कमाल तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. हाच कायदा दिल्लीला लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी सामाजिक कार्यकर्ते हर्ष मंदर यांच्या याचिकेवर त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता. आपल्याकडे कायदा जागच्या जागी आहे. मळके कपडे घालून यार्डाबाहेर बसलेला हमाल या व्याख्येत सहज ओढला जाऊ शकतो, आणि महापालिकेचा मसुदा त्या दाराशी रस्ता बांधून देत होता.

एक पावती आमच्या हातात आली. जुन्या दराची, लघवीबद्दलची. तिच्यावर नाव, रक्कम, सही असे रकाने होते आणि एक पत्त्याचा. त्या रकान्यात पावती फाडणाऱ्याने 'स्टेशन रोड' असं लिहिलं होतं. पुढे सुनावणीत आमच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा या कागदाने जास्त काम केलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थेट उच्च न्यायालयाचा. गटातल्या तरुण मंडळींचा त्यावर जोर होता. मुंबईतल्या फूटपाथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९८५च्या ओल्गा टेलिस निकालाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण तो निकाल नीट वाचला की दोन्ही बाजू दिसतात. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, हे खरं. त्याच निकालात फूटपाथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाही नाही, नोटीस देऊन हटवता येईल, असंही म्हटलं आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हटवू नका असा दिलासा दिला. ढाल म्हणून तो अर्धाच उपयोगी. त्यात आमचा विषय अजून मसुद्याच्या टप्प्यावर होता. 'आधी हरकत नोंदवा' असं सांगून न्यायालयाने परत पाठवण्याची शक्यता मोठी होती.

दुसरा पर्याय मोर्चाचा. तो आमच्यातल्या बऱ्याच जणांचा सरावाचा मार्ग. पण मोर्चाला येणारे बेघर रात्री त्याच फूटपाथवर झोपणार, आणि पथकातली पोरं त्यांना चेहऱ्याने ओळखतात. मोर्चात घोषणा देऊन घरी जाणाऱ्याची जोखीम वेगळी आणि त्यांची वेगळी. यार्डातल्या एका जुन्या हमालकाकांनी हे स्पष्ट सांगितलं, आणि मोर्चा बाजूला पडला. आमच्या मते तो निर्णय बरोबरच होता.

तिसरा पर्याय प्रशासनानेच पुढे केला, आणि तो सर्वांत अवघड होता. उपायुक्तांनी अनौपचारिक भेटीत सुचवलं की रुग्णालयाचा परिसर वगळतो, नातेवाइकांना त्रास होणार नाही, बाकीच्या कलमांना तुम्ही हरकत घेऊ नका. मोह पडावा असाच देकार होता. रोज रात्री तिथे शेकडो माणसं असतात, आणि त्यांना आजच्या आज संरक्षण मिळालं असतं. गटात दोन बैठका यावर भांडण्यात गेल्या. नाही म्हणण्याचं कारण असं ठरलं: नातेवाईक का वगळायचे? कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. मग हेच कारण स्टेशनबाहेरच्या म्हाताऱ्याला लागू होत नाही का? एकदा 'चांगले बेघर' आणि 'बाकीचे' अशी रेघ आम्हीच ओढून दिली असती, तर बाकीच्यांच्या वतीने बोलायला तोंड राहिलं नसतं. आम्ही देकार नाकारला, पण मुद्दा सोडला नाही. ज्या तर्काने तुम्ही रुग्णालय वगळायला तयार आहात, तोच तर्क मसुदाभर लावा, असं आम्ही लेखी हरकतीत मांडलं.

चौथा पर्याय म्हणजे नुसता विरोध न करता कलमवार हरकती आणि सोबत पर्यायी मसुदा. आम्ही हा निवडला आणि न्यायालयाचा मार्ग पुढच्यासाठी राखून ठेवला.

प्रत्यक्षात काय केलं

आधी रात्रीची पाहणी. प्रश्न एकच ठेवला: रात्री दोन वाजता या माणसाने नियम पाळायचा ठरवलं, तर तो नेमका कुठे जाईल? स्टेशन रोडच्या सार्वजनिक शौचालयाला दहानंतर कुलूप. स्टँडवरचं 'पैसे द्या आणि वापरा' प्रकारातलं चालू, पण तिकिटाशिवाय आत बसलेल्यांना सुरक्षारक्षक बाहेर काढतात. यार्डातलं पाण्याविना बंद.

मग निवारा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या शहरी बेघर निवारा योजनेचा निकष होता, दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक कायम निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि तो चोवीस तास उघडा. या शहराला त्या हिशेबाने पाच निवारे हवेत. होता एक. जुन्या जकात नाक्याजवळ, गावाबाहेर, फक्त पुरुषांसाठी, साठ खाटांचा. गेट रात्री नऊला बंद. लग्नाच्या हॉलमधलं भांडीकुंडी आवरून वाढपी सुटतो बारा-साडेबाराला. त्या निवाऱ्यात खाटा रिकाम्या राहत होत्या, आणि 'सोय आहे पण यांना जायचंच नाही' हे सांगायला प्रशासन त्याच रिकाम्या खाटा दाखवत होतं.

माहिती अधिकारात आधीच्या वसुलीचा तपशील मागवला. मिळालेल्या उत्तरात एकूण रक्कम होती, पण दंड झालेल्यांपैकी बेघर किती, पैसे न भरल्याने किती प्रकरणं कोर्टात गेली आणि त्यांचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवलेलीच नव्हती. जुन्या दंडाने काय साधलं हे माहीत नसताना तो पाचपट करायचा, हा मुद्दा हरकतीत सर्वांत वर ठेवला.

त्यानंतर व्यापाऱ्यांकडे गेलो. गटातल्या काहींना हे पटलं नव्हतं. ज्यांच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं त्यांच्याच दारात कशाला जायचं? पण त्यांचं ऐकल्यावर एक गोष्ट उलगडली. सकाळी शटर उघडताना येणारा वास आणि दुकानापुढची घाण, ही त्यांची तक्रार होती. कोणी रात्री पायरीवर झोपतं याचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काही वाटत नव्हतं. एका कापड दुकानदाराने तर सांगितलं की पायरीवर झोपणाऱ्या काकांमुळे शटरची चोरी टळली आहे. संघटनेने मसुद्याला विरोध करायला नकार दिला, मात्र शौचालय रात्रभर उघडं ठेवा अशा मागणीचं पत्र दिलं. आम्हाला हवा तेवढा पाठिंबा तो नव्हता. तरी त्या पत्रामुळे 'व्यापारी विरुद्ध बेघर' ही मांडणी मोडली.

पर्यायी मसुद्याचं सूत्र साधं होतं. ज्या गोष्टीला दुसरा मार्ग उपलब्ध आहे तिच्यावर कारवाई करा, ज्याला नाही तिच्यावर करू नका. रात्री अकरा ते सकाळी सहा झोपल्याबद्दल कारवाई नको. उघडं, वापरता येण्याजोगं शौचालय ५०० मीटरच्या आत असेल तरच लघवीचा दंड. पोलिसांकडे देण्याचं कलम पूर्ण रद्द. आणि अधिकाऱ्यांची बाजूही खोटी नव्हती, म्हणून रुग्णालयाच्या गेटपुढची अँब्युलन्सची वाट आणि फूटपाथवर चालायला, व्हीलचेअरला लागणारी मोकळी पट्टी अडवू नये, हे आम्ही स्वतःहून लिहिलं. चुलीवरून मात्र आमच्यातच एकमत झालं नाही. विजेच्या डीपीला लागून पेटलेली चूल धोक्याची असते, हे नाकारता येत नाही. आणि चूल बंद करायची तर त्या बाईने पोरांना शिजवून काय घालायचं, यालाही उत्तर नव्हतं. शेवटी डीपी आणि दुकानाच्या पत्र्यापासून अंतर ठेवण्याची अट सुचवली.

सुनावणीला दोन वाढपी आणि कचरा वेचणाऱ्या एक मावशी स्वतः आल्या. येण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि त्यांची नावं हजेरीच्या कागदावर येणार नाहीत हे आधी ठरवून घेतलं होतं. त्यांच्यातला एक जण उपायुक्तांना एवढंच म्हणाला, "साहेब, गेट नऊला बंद होतं, मी बाराला सुटतो. तुम्हीच सांगा कुठं जाऊ, तिथं जातो." त्यानंतर पावती पुढे ठेवली. पत्त्याचा रकाना वाचून उपायुक्तांनी विधी अधिकाऱ्यांना विचारलं की यावर समन्स कसं बजावणार. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या वेळेचं कलम टिकणार नाही, याची पहिली खूण आम्हाला तिथे दिसली.

निकाल

अंतिम मसुद्यातून झोपणं, अंघोळ आणि कपडे वाळत घालणं वगळलं गेलं. पोलिसांकडे देण्याचं कलम गेलं. लघवीचा दंड २०० रुपयांवरच राहिला, पण ५०० मीटरची अट त्यात आली नाही. 'सुविधा उपलब्ध असल्यास' असं मोघम वाक्य आलं. चुलीचा दंड गेला नाही, फक्त ५०० रुपयांवर आला. ठेकेदाराचा वाटाही कायम राहिला, आणि आमच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी उणीव आहे. पावतीवर कमाई अवलंबून असलेलं पथक सोपं सावज शोधणार, आणि रस्त्यावर राहणाऱ्या माणसाइतकं सोपं सावज दुसरं नाही. उपविधी पुढे मान्यतेसाठी शासनाकडे गेला.

स्टेशन रोडचं शौचालय रात्रभर उघडं राहू लागलं. व्यापाऱ्यांच्या तक्रारी त्यानंतर खूपच कमी झाल्या, हे संघटनेच्याच पदाधिकाऱ्यांनी सांगितलं. निवाऱ्याचं गेट आता रात्री एकपर्यंत उघडं असतं आणि खाटा भरतात. बायकांसाठी वेगळ्या निवाऱ्याला मंजुरी आहे, जागा ठरलेली नाही.

वेगळं काय करता येईल

अशीच वेळ दुसऱ्या शहरात आली, तर हाती असलेला वेळ कुठे घालवायचा याबद्दल या प्रकरणातून काही ठोस सांगता येतं.

पहिलं, दंडाचा आकडा डोळ्यात भरतो म्हणून सगळं लक्ष तिथे जातं, पण रस्त्यावरच्या माणसाचं सर्वांत मोठं नुकसान सामान जप्तीत होतं. ती या उपविधीत नव्हतीच. अतिक्रमण विभाग ती स्वतंत्रपणे करतो. सुनावणी चालू असतानाच्या आठवड्यात त्या विभागाच्या गाडीने मावशींचं बोचकं नेलं. त्यात आधार कार्ड होतं, रेशनचे कागद होते, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. दंड माफ होऊ शकतो, हप्त्याने भरता येतो. दाखला पुन्हा काढायचा तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेपर्यंत जावं लागतं, आणि आधारशिवाय निवाऱ्यातही अडवतात. त्यामुळे हरकत घेताना दंड आणि जप्ती हे दोन्ही विषय एकत्र मांडावेत, खाती वेगळी असली तरी.

दुसरं, गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पहिल्याच आठवड्यात जावं. त्यांचा वकील सुनावणीत बसलेला असणं आणि आपण कायद्याचा मुद्दा मांडणं यात फरक पडतो. इथे त्यांच्याशी संपर्क बराच पुढे झाला.

तिसरं, ठेकेदाराच्या करारावर वेगळी हरकत हवी. उपविधीच्या सुनावणीत 'हा निविदेचा विषय आहे' म्हणून तो मुद्दा बाजूला सारला गेला. निविदा निघण्यापूर्वी बोलायला हवं होतं, आणि पुढच्या निविदेची मुदत आम्ही आता लिहून ठेवली आहे.

रुग्णालय वगळण्याचा देकार घ्यायला हवा होता का, यावर गटात अजूनही दोन मतं आहेत. प्रशासन हटलं नसतं, तर नातेवाइकांचं संरक्षणही हातचं गेलं असतं, हे खरं आहे. माझं मत मात्र बदललेलं नाही. तो देकार आला याचाच अर्थ झोपण्याला दंड लावणं चूक आहे हे समोरच्यांनाही कळत होतं, आणि ते कळल्याचा फायदा सगळ्यांनाच मिळायला हवा होता.

सध्या अतिक्रमण विभागाला दिलेलं निवेदन प्रलंबित आहे. त्यात चार मागण्या आहेत: कागदपत्रं, औषधं, अंथरूण-पांघरूण आणि कामाची अवजारं जप्त करू नयेत, उरलेल्या सामानाची जागेवर यादी करून पावती द्यावी, सामान तीस दिवस सांभाळावं, आणि ते सोडवायला पत्त्याचा पुरावा मागू नये. तिसरी मागणी तोंडी मान्य झाली आहे. चौथीवर विभागाने विधी अधिकाऱ्यांचं मत मागवलं आहे.